सांधेदुखीच्या गोळ्या घरी कशा सांभाळायच्या: रोजची कुठली, आठवड्याची कुठली आणि मनाने बंद करायची नाही ती कुठली

घरात कुणाला सांधेदुखी, आमवात, युरिक ॲसिड किंवा सारखी कंबर-मान धरण्याचा त्रास असेल तर गोळ्यांचा डबा बघता बघता भरतो. आमवाताचे डॉक्टर वेगळे, बीपीचे वेगळे, मध्येच शेजारच्या काकूंनी सांगितलेलं कॅल्शियम, परवा गुडघा जास्तच दुखला म्हणून मेडिकलमधून तोंडी सांगून आणलेली पट्टी आणि गावाहून कुणीतरी पाठवलेल्या पुड्या. मी फार्मासिस्ट आहे, दिवसभर काउंटरवर हेच बघते, आणि माझं स्पष्ट मत झालंय की या औषधांनी जे नुकसान होतं ते बऱ्याचदा औषध वाईट म्हणून होत नाही, कुठली गोळी कशासाठी चाललीय हे घरात कुणालाच धड माहीत नसतं म्हणून होतं. डोस किती आणि किती दिवस हे डॉक्टरच ठरवणार, ते मी इथे सांगत नाहीये. पण एकदा चिठ्ठी घेऊन घरी आलात की पुढचं सगळं तुमच्या हातात असतं, त्याबद्दल हे लिहितेय.

आधी सगळ्या पट्ट्या टेबलावर काढा

त्या माणसाच्या सगळ्या म्हणजे सगळ्या गोळ्या, बाटल्या, मलमं, पुड्या, बीपी-शुगरच्या पट्ट्या पण, एकत्र काढा आणि तीन ढीग करा. पहिला ढीग नुसतं दुखणं कमी करणाऱ्या गोळ्यांचा. आज घेतली की तासा-दोन तासांत बरं वाटतं, उद्या नाही घेतली तर दुखेल पण बाकी काही बिघडत नाही. दुसरा ढीग आजार आवरणाऱ्या गोळ्यांचा: मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासलाझिन, लेफ्लुनोमाइड, आणि युरिक ॲसिडवाल्यांसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट. यांनी आज घेतली आणि उद्या मोकळं वाटलं असं कधीच होत नाही. तिसरा ढीग सोबतच्या गोळ्यांचा, गॅसची गोळी, फोलिक ॲसिड, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन. स्टेरॉइडची गोळी असेल तर ती या तिन्हीपासून लांब वेगळी ठेवा, तिच्याबद्दल पुढे बोलू.

हे ढीग करायला का सांगतेय, तर लोक नेमकं उलटं करतात. जिने लगेच फरक पडतो ती पहिल्या ढिगातली गोळी वर्षानुवर्षं चालू राहते आणि दुसऱ्या ढिगातली महिनाभर घेऊन "काही लागू पडत नाही" म्हणून सोडून देतात. आमवातात, म्हणजे सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजतात, आखडलेपण जायला तास-तास लागतो असा जो आजार आहे त्यात, दुखणं दाबलं तरी आत सांध्याची नासाडी चालूच राहते आणि एकदा बोटं वाकडी झाली की ती गोळीने सरळ होत नाहीत. वयानुसार होणारी गुडघ्याची झीज हा मात्र वेगळा प्रकार, तिथे दुसऱ्या ढिगातलं औषध सहसा नसतंच, तिथे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन, लावायचं जेल आणि लागेल तेव्हा गोळी एवढंच असतं. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा की आमच्या आईला यातलं नक्की काय आहे. "वात आहे" एवढ्यावर घरी येऊ नका.

दुखण्याच्या गोळ्या

पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, ते सोडा, खाली बारीक अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं असतं ते वाचा. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा, मी स्वतः कस्टमरला तसंच दाखवते. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असतं. झेरोडॉल-पी मध्ये ॲसिक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. व्होव्हेरान म्हणजे डायक्लोफिनॅक. डोलो ६५० म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच घराण्यातली, सूज आणि दुखणं दोन्ही कमी करणारी. यातली एका वेळी एकच. नावं वेगळी म्हणून औषधं वेगळी असं नसतं.

काउंटरवर नेहमी येणारा प्रसंग सांगते. एक काका आले, कंबर धरलीय म्हणून हाडाच्या डॉक्टरांनी झेरोडॉल-पी दिवसातून दोनदा दिलेली, त्यात दाढ दुखायला लागली म्हणून "ताई एक कॉम्बिफ्लॅमची पट्टी द्या", आणि अंग कसकसतंय म्हणून घरात डोलो चालूच. आता हिशोब करा. डोलो तीन वेळा म्हणजे १९५० एमजी पॅरासिटामॉल, झेरोडॉल-पी दोनमधून ६५०, कॉम्बिफ्लॅम दोनमधून ६५०, झाले ३२५० एमजी. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाची वरची मर्यादा ४ ग्रॅम धरतात पण वयस्कर, बारीक अंगाच्या, लिव्हरचा त्रास असलेल्या किंवा रोज दारू घेणाऱ्या माणसाला डॉक्टर त्याच्या बरंच खाली ठेवतात. आणि पॅरासिटामॉलपेक्षाही मोठी अडचण म्हणजे ॲसिक्लोफिनॅकवर आयबुप्रोफेन चढलं, एकाच घराण्यातली दोन, त्याने आराम दुप्पट मिळत नाही, पोटात रक्तस्राव आणि किडनीला मार यांची शक्यता तेवढी वाढते. काकांना मी कॉम्बिफ्लॅम दिली नाही, दाताच्या डॉक्टरांना चालू गोळीची पट्टी दाखवा म्हटलं.

नावापुढची शेपटी पण बघत जा. साधारणपणे पी म्हणजे पॅरासिटामॉल घातलंय, एसपी म्हणजे वर सेरॅशिओपेप्टिडेज (सूज उतरायला घालतात ते) पण आहे, एमआर म्हणजे स्नायू सैल करणारं औषध मिसळलंय, टीएच म्हणजे थायोकोल्चिकोसाइड, तेही स्नायू सैल करणारंच. मागच्या वेळची साधी गोळी आणि आत्ताची एमआर दिसायला सारखी असू शकते पण एमआर घेऊन स्कूटर चालवायची नाही.

ही गोळी पोटात काहीतरी असताना घ्यायची, चहा-बिस्किट नाही, नीट खाऊन. सोबत दिलेली पॅन्टोप्राझोल मात्र सकाळी अनशापोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. इथे एक मोठा गैरसमज आहे तो काढून टाका. लोकांना वाटतं गॅसची गोळी चालू आहे म्हणजे दुखण्याची गोळी कितीही दिवस चालेल. गॅसची गोळी पोट वाचवते, किडनी वाचवत नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू आहे, सोबत लघवी जास्त होण्याची गोळी आहे, आणि वर डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक सुरू केलं, तर तिघं मिळून किडनीवर फार ताण आणतात. त्यात विदर्भ-मराठवाड्यातला एप्रिल-मे किंवा दोन दिवस जुलाब झालेले, अंगातलं पाणी कमी झालेलं, म्हणजे झालंच. जुलाब-उलट्या चालू असताना दुखण्याची गोळी थांबवा आणि बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना फोन करून विचारा.

डायक्लोफिनॅक दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन आपल्या देशातली गिधाडं किडन्या निकामी होऊन मेली, इतकी की २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर सरकारला बंदी घालावी लागली. माणसाच्या शरीरात ते औषध इतकं विखारी नाही, ठरलेल्या डोसमध्ये ठरलेल्या दिवसांसाठी ते चांगलं औषध आहे. पण वारीला निघताना किंवा चारधामला जाताना चाळीस-पन्नास गोळ्या मागून घेतात आणि रोज दोन-दोन खातात ना, त्यांच्याबद्दल मला खरंच काळजी वाटते.

हार्टचा त्रास, स्टेंट, आधी कधी अल्सर, किडनीचा रिपोर्ट बिघडलेला, दमा, किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, इकोस्प्रिन काय, असिट्रोम काय, तर यातली एकही गोळी तोंडी मागून आणू नका. अशांना गुडघ्यासाठी आधी डायक्लोफिनॅकचं जेल वापरून बघता येतं, गोळीपेक्षा ते रक्तात फार कमी जातं. फक्त ते दिवसातून तीन-चार वेळा नियमित लावायचं असतं, दुखलं की एकदा चोळलं आणि विसरलं असं नाही. लावून वर गरम शेक द्यायचा नाही आणि जखमेवर लावायचं नाही.

पावसाळ्यासाठी एक वेगळी सूचना. ताप आलाय आणि सांधे मोडून निघतायत, सगळे म्हणतात चिकनगुनिया. असेलही. पण डेंग्यू नाही हे रक्ततपासणीत कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यायचं, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नाही, कारण डेंग्यूत रक्तस्रावाची भीती असते. (हार्टसाठी डॉक्टरांनी लावलेली इकोस्प्रिन असेल तर ती मनाने न थांबवता लगेच त्यांना विचारा.) ताप उतरल्यावर चिकनगुनियाची सांधेदुखी महिनोन्महिने रेंगाळू शकते, तशी रेंगाळली तर दुखण्याच्या गोळीवर दिवस ढकलू नका, सांधेवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

स्नायू सैल करणाऱ्या

कंबर धरली, मान धरली की थायोकोल्चिकोसाइड, टिझानिडीन, क्लोरझोक्साझोन यातलं काहीतरी देतात. ही थोड्या दिवसांचीच औषधं आहेत, पाच-सात दिवसांत उतार पडायला हवा. झोप येते, चक्कर येते, म्हाताऱ्या माणसांना रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, तेव्हा पहिल्या रात्री कुणीतरी जवळ झोपा. टिझानिडीन चालू असताना सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक अजिबात चालत नाही, बीपी एकदम खाली येतं. लघवीच्या इन्फेक्शनला आणि जुलाबाला सिप्रो आपल्याकडे सर्रास दिलं जातं म्हणून हे लक्षात ठेवा. थायोकोल्चिकोसाइड गरोदर बाईला द्यायचं नाही.

आणि स्नायू दुखायचं कारण कधीकधी डब्यातच असतं. कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन सुरू झाल्यावर मांड्या-दंड दोन्हीकडे दुखायला लागले तर डॉक्टरांना सांगा, ते सीपीके नावाची रक्ततपासणी करतात. मनाने बंद नका करू. पण लघवी काळपट चहासारखी झाली तर त्याच दिवशी जा.

मेथोट्रेक्सेट: आठवड्यातून एकदाच

हे मी सगळ्यात सविस्तर लिहितेय कारण यातली चूक जिवावर बेतते. आमवातावर मेथोट्रेक्सेट हे जगभर पहिलं वापरायचं औषध आहे, स्वस्त आहे, चांगलं काम करतं, नीट घेतलं तर वर्षानुवर्षं चालतं. पण आमवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज नाही. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात म्हणून हाताला सवय तीच असते, चिठ्ठीवर इंग्रजीत आठवड्याला एकदा लिहिलेलं घरी कुणी वाचत नाही, आणि चार-पाच दिवस ओळीने घेतली की तोंड येतं, ताप येतो, रक्तातल्या पेशी कोसळतात, माणूस आयसीयूत जातो. असे मृत्यू झालेले आहेत.

त्यात नावांचा घोळ. मेथोट्रेक्सेटचा एक चालणारा ब्रँड फोलिट्रॅक्स आणि सोबतच्या फोलिक ॲसिडचा ब्रँड फॉलव्हाइट. दोन्ही फो-फॉ, दोन्ही छोट्या गोळ्या, बऱ्याचदा दोन्ही पिवळ्या. एक आठवड्याला एकदा, दुसरी डॉक्टरांनी सांगितलं तर जास्त वेळा. अदलाबदल झाली तर काय होईल सांगायला नको. म्हणून असं करा:

मेथोट्रेक्सेटचा एक वार पक्का करा आणि तो डॉक्टरांकडून चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्या, "फक्त बुधवारी" असा. उपवासाचा वार घेऊ नका, सोमवार-गुरुवार-शनिवार ज्याचा जो असेल तो टाळा, कारण जेवून घेतली तर मळमळ कमी होते. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. कालनिर्णयवर त्या वाराच्या सगळ्या चौकोनांत आधीच पेनने गोल करून ठेवा आणि गोळी घेतली की गोलात फुली. फुली दिसली की दुसऱ्यांदा कुणी देणार नाही, सून देवो की मुलगा. पट्टी रोजच्या डब्यात ठेवायचीच नाही, वेगळ्या डबीत, शक्यतो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात, विशेषतः पेशंटला विसरायला होत असेल तर. आणि पट्टीवरच स्केचपेनने वार लिहा.

गोळी २.५ ची पण येते, ५, ७.५, १०, १५ ची पण येते. १५ एमजी सांगितलं असेल तर ७.५ च्या दोन किंवा २.५ च्या सहा. आधी सहा गोळ्या घेत होतो आणि या वेळी मेडिकलवाल्याने १० ची पट्टी दिली आणि सवयीने सहाच घेतल्या तर ६० एमजी पोटात जाईल. म्हणून घरात एकच ताकद ठेवा, दर वेळी नवीन पट्टी घेताना जुनी रिकामी पट्टी शेजारी धरून आकडा जुळवा. हे करायला दहा सेकंद लागतात. आम्ही काउंटरवर करतोच पण तुम्हीही करा.

फोलिक ॲसिड बहुतेक डॉक्टर मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून देतात, ते आठवड्यातून एकदा की जास्त हे त्यांचं ते ठरवतात. ते "नुसतं व्हिटॅमिन" म्हणून सोडू नका. मेथोट्रेक्सेट शरीरातल्या फोलेटचंच, म्हणजे फोलिक ॲसिड ज्या बी व्हिटॅमिनचं रूप आहे त्याचंच, काम अडवतं, म्हणून तोंड येणं, मळमळ, लिव्हरवर ताण हे कमी ठेवायला फोलिक लागतं. या फोलेटची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ पासून परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करत होती, गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा जीवघेणा रक्तक्षय ती अभ्यासत होती, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे तिने दाखवलं. त्या अर्कात जे होतं तेच पुढे फोलेट ठरलं. आणि अमेरिकेत ज्या लेडर्ली कंपनीत मेथोट्रेक्सेट तयार झालं तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आमवातासाठी अमेरिकेत त्याला रीतसर मान्यता मिळाली १९८८ मध्ये. सांगायचं कारण एवढंच की "ही कॅन्सरची गोळी आहे, नेटवर वाचलं" म्हणून घाबरून सोडणारे खूप असतात. कॅन्सरसाठी त्याचे डोस कितीतरी मोठे असतात आणि पद्धत वेगळी असते, आमवाताचा आठवड्याचा छोटा डोस ही वेगळी गोष्ट आहे.

फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर डॉक्टर दुसरं काहीतरी सोबत देतात, तेवढा वेळ धीर धरा. एखादा बुधवार विसरलात आणि दोन दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडा, पुढच्या वेळी डबल घ्यायची नाही. चुकून रोज घेतली गेली असं लक्षात आलं तर "सध्या तर काही होत नाहीये" म्हणून घरी थांबू नका, पट्टी घेऊन थेट हॉस्पिटलला जा, त्यावर ल्युकोव्होरिन नावाचं उताऱ्याचं औषध आहे आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं.

रक्ततपासणी चुकवायची नाही. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, लिव्हरची एसजीपीटी-एसजीओटी, आणि किडनीचं क्रिएटिनिन. सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी, नंतर बस्तान बसलं की दोन-तीन महिन्यांनी. गोळी घेतल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत रक्त देऊ नका, लिव्हरचे आकडे तात्पुरते वर दिसतात आणि उगाच घबराट होते. बुधवारची गोळी असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी द्या.

मेथोट्रेक्सेट चालू असताना सेप्ट्रान, बॅक्ट्रिम म्हणजे को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक घ्यायचं नाही, दोन्ही फोलेटवरच घाव घालतात. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, दाताच्या का होईना, तर आधी हेच सांगा. दारू किती घेता ते डॉक्टरांना खरं सांगा. मोठं इन्फेक्शन, ताप, अँटिबायोटिक चालू असेल तर त्या आठवड्याची गोळी घ्यायची का हे फोन करून विचारा. मूल हवं असेल तर आधी काही महिने हे औषध बंद करावं लागतं, म्हणून लग्न ठरलेल्या मुलीने लाजून गप्प बसू नये, पहिल्याच भेटीत विषय काढावा. पुरुषांनीही विचारावं. लेफ्लुनोमाइडचंही तसंच, ते तर शरीरात फार काळ राहतं. घरात कुणी गरोदर असेल तर तिने या गोळ्या फोडायच्या-कुटायच्या नाहीत.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, म्हणजे एचसीक्यूएस वगैरे, २०२० मध्ये कोविडच्या गोंधळात गायब झालं होतं आणि आमवात, ल्युपसवाले पेशंट दारोदार फिरत होते ते मी विसरलेले नाही. हे त्यातल्या त्यात सौम्य औषध, पण डोळ्याच्या पडद्याची काळजी घ्यावी लागते. साधारण हिशोब दर किलोला ५ एमजीच्या आत, म्हणजे ५० किलोच्या बाईला दिवसाला सरासरी २५० च्या आत. चिठ्ठीवर ४०० असेल तर वजन सांगून एकदा विचारून घ्या. सुरू केल्यावर वर्षाच्या आत डोळे तपासा, पाच वर्षांनंतर दर वर्षी, आणि चष्म्याचा नंबर बघणं म्हणजे ही तपासणी नाही, पडद्याचं स्कॅन करा म्हणून सांगा. सल्फासलाझिनने लघवी केशरी होते, घाबरू नका, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. टोफासिटिनिब किंवा बायोलॉजिक इंजेक्शनं (आमवातावरची पुढच्या पायरीची जोरदार औषधं) सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे, आपल्याकडे झोपलेला टीबी खूप जणांच्या अंगात असतो आणि तो उठतो.

स्टेरॉइड आणि पुड्या

प्रेडनिसोलोन, वायसोलोन, डिफ्लाझाकोर्ट ही स्टेरॉइडं. १९४८ मध्ये अमेरिकेत आमवाताच्या पेशंटला कॉर्टिझोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालायला लागली, १९५० मध्ये त्यावर नोबेल मिळालं. इतकं जोरदार औषध आहे. त्याच कारणाने ते कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस असं द्यायचं असतं. सकाळी नाश्त्यानंतर घ्या, रात्री घेतलं तर झोप उडते. शुगर वाढते, ती घरी मशीनवर बघत राहा. हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम-डी सोबत असतं. आणि साधारण तीन आठवड्यांच्या पुढे चालू असेल तर एकदम बंद करायचं नाही. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, एकदम तोडलं तर उलट्या, गळून जाणं, बीपी पडणं, बेशुद्धी. पट्टी संपायच्या दोन दिवस आधीच नवीन आणून ठेवा.

आता पुड्या. पांढरी-राखाडी पावडर, पाकिटावर आत काय ते लिहिलेलं नाही, "पूर्ण आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही", आणि चार दिवसांत आजी टुणटुणीत. नीट शिकलेले वैद्य असं बिननावाचं औषध देत नाहीत. इतक्या झटपट गुण आला हाच संशय घ्यायचा मुद्दा, अशा पावडरींत स्टेरॉइड आणि दुखण्याची औषधं मिसळलेली तपासणीत वेळोवेळी सापडलेली आहेत. दोन-तीन महिन्यांत चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हात-पाय बारीक होतात, कातडी पातळ होऊन जरा लागलं तरी काळंनिळं होतं, शुगर नसलेल्याला शुगर निघते. पण हे वाचून घाबरून आज पुडी फेकून देऊ नका! महिनोन्महिने घेत असतील तर एकदम बंद करणं धोक्याचं आहे. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा, किती दिवसांपासून ते सांगा, ते हळूहळू सोडवतील. म्हाताऱ्या माणसाला ओरडू नका, दुखत होतं म्हणून घेतली त्यांनी. आणि स्टेरॉइड चालू असलेल्या वयस्कर माणसाला सिप्रो, लेव्होफ्लॉक्सासिन गटातलं अँटिबायोटिक दिलं आणि टाचेच्या मागची कंडरा, म्हणजे पोटरी टाचेला बांधणारी जाड दोरी, दुखायला लागली तर चालणं थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा, ती तुटू शकते.

युरिक ॲसिडवाले

रिपोर्टमध्ये ७.५ आलं, सांधा कधीच सुजला नाही, मुतखडा नाही, किडनी ठीक आहे, तर बहुतेकांना गोळी लागत नाही. ज्यांना खरंच पायाच्या अंगठ्याचा सांधा लाल होऊन चादरीचा स्पर्श सहन होत नाही असा झटका येतो त्यांच्यासाठी औषध दोन प्रकारचं: झटका शमवायचं, आणि युरिक ॲसिड खाली ठेवायचं. कोल्चिसिन झटक्यासाठी, लवकर आणि कमी डोसमध्ये, जुलाब लागले की जास्त झालं समजा. क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर ते घ्यायचं नाही. ॲलोप्युरिनॉल, झायलोरिक वगैरे, रोज घ्यायचं, साधारण १०० पासून सुरू करून वाढवत युरिक ॲसिड ६ च्या खाली आणायचं. गंमत अशी की सुरुवातीच्या महिन्यांत झटके वाढू शकतात, म्हणून सोबत काही महिने कोल्चिसिन देतात, आणि लोक तेवढ्यात "गोळीनेच वाढलं" म्हणून सोडतात. सोडू नका, झटका आला तरी चालू असलेली ॲलोप्युरिनॉल चालूच ठेवायची. फक्त अंगावर पुरळ आलं, तोंडात-डोळ्यांत फोड आले तर त्या क्षणी बंद आणि डॉक्टर. ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असणाऱ्याने ॲलोप्युरिनॉल घ्यायच्या आधी दोन्ही डॉक्टरांना कळवायलाच हवं. डाळ, पालक, टोमॅटो सोडून नुसत्या भातावर राहायची गरज नाही, बिअर, कलेजी, मटण, तारली-बांगडा यांचं प्रमाण बघा.

डी व्हिटॅमिनची ६०,००० ची पुडी किंवा कॅप्सूल ही पण आठवड्याची असते, रोजची नाही, आणि ठरलेले आठवडे झाले की थांबायचं. हाडांसाठी ॲलेन्ड्रोनेट आठवड्याला एकदा असेल तर सकाळी उठल्या उठल्या अनशापोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. मेथोट्रेक्सेटचा आणि हिचा वार वेगळा ठेवा.

शेवटी, फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. त्यावर चालू औषधांची नावं, मेथोट्रेक्सेटचा वार, ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, आणि खाली हे: काळी डांबरासारखी शी किंवा उलटीत रक्त. लघवी एकदम कमी, पायावर-तोंडावर सूज. मेथोट्रेक्सेटवर असताना ताप, तोंड येणं, नवीन कोरडा खोकला आणि दम लागणं, कुठूनही रक्त येणं. डोळे पिवळे. फोडांसकट पुरळ. छातीत दुखणं. एकच सांधा अचानक लाल-गरम आणि सोबत ताप, कारण तो वात नसून सांध्यात पू असू शकतो. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, तो कागद आणि सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून दवाखान्यात न्यायच्या.